तरका आणि बहिणीचे नाव

१८६३ साली बोरघाटातून रेल्वे सुरू झाली आणि लोणावळ्यात हवा खाण्यासाठी बंगले उभे राहू लागले. २००२ साली मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला आणि मावळात गुंठ्याला भाव आला. आता आमच्या मुस्लिम कुटुंबांतही मय्यतीनंतर लगेच प्रश्न निघतो : मरहूमांची वसियत नाही, मग अर्ज कोणी करायचा?

या प्रश्नामागे मोठा इतिहास आहे. १८२७ साली मुंबई सरकारने केलेल्या आठव्या रेग्युलेशनने न्यायालयाकडून वारस दाखला मिळण्याची सोय झाली. ती आजही चालू आहे. हा दाखला वाटणी करीत नाही. वारस म्हणून मिळकतीचा कारभार कोणी पाहायचा, एवढेच ठरवतो. त्याच वर्षीच्या चौथ्या रेग्युलेशनने मात्र धर्मशास्त्राच्या आधी देशरिवाजाला स्थान दिले. पुढे १८४७ साली मुंबईच्या सुप्रीम कोर्टात सर अर्स्किन पेरी यांनी रिवाजाच्याच आधारे, बापाच्या मिळकतीत हिस्सा मागणाऱ्या खोजा व मेमन मुलींचे दावे फेटाळले. कुरआनने सूरह निसामध्ये मुलीला मुलाच्या निम्मा हिस्सा दिला. रिवाजाने तो काढून घेतला.

नव्वद वर्षांनी, १९३७ च्या शरियत कायद्याने रिवाज बाजूला सारला. शेतजमीन तेवढी वगळली गेली. तरी तिथेही मुलीचा हक्क आपोआप बुडत नाही. रिवाज आहे असे म्हणणाऱ्यालाच तो सिद्ध करावा लागतो.

१९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याने बिनवसियत मरण पावलेल्या मुसलमानाच्या वारसांवर प्रशासनपत्राची सक्ती केलेली नाही. ते घ्यायचे झाल्यास शरियतप्रमाणे हिस्सा मिळणारा कोणीही वारस अर्ज करू शकतो. त्यात विधवा आली, मुलगीही आली.

मग हक्क बुडतो कुठे? वारसांच्या यादीत. भावांची नावे लिहिली जातात आणि ‘तिला लग्नात दहेज दिले’ म्हणून बहिणीचे नाव गाळले जाते, नाहीतर हक्कसोडपत्रावर तिची सही घेतली जाते. दहेज म्हणजे तरक्यातला हिस्सा नव्हे. आधी कफन-दफनाचा खर्च, मग कर्ज (पत्नीची थकलेली मेहर हेही कर्जच), मग एक तृतीयांशापर्यंत वसियत आणि उरलेल्याची वाटणी, हा क्रम आपल्या मदरशातली मुलेही सांगतील.

१९८५ च्या शाहबानो निकालानंतर शरियतच्या रक्षणासाठी आपण मोर्चे काढले. वडगाव मावळच्या कचेरीत अर्ज देताना मात्र तीच शरियत आपण घरी ठेवून जातो. बहिणीचे नाव लिहायला मोर्चा लागत नाही.