डेव्हिड प्लॅट

डेव्हिड अँड्र्यू प्लॅट (जन्म: १० जून १९६६, चॅडर्टन, लँकेशायर) हे इंग्लंडचे माजी व्यावसायिक फुटबॉलपटू व प्रशिक्षक आहेत. मधल्या फळीत खेळूनही सातत्याने गोल करणारा खेळाडू ही त्यांची मुख्य ओळख होय. इंग्लंडच्या राष्ट्रीय संघाकडून ते ६२ सामने खेळले व त्यांनी २७ गोल केले. त्यांपैकी १९ सामन्यांत ते कर्णधार होते. इंडियन सुपर लीगच्या २०१५ च्या हंगामात ते पुण्याच्या एफसी पुणे सिटी या संघाचे मुख्य प्रशिक्षक होते.

प्रारंभिक कारकीर्द

प्लॅट यांनी मँचेस्टर युनायटेडमध्ये उमेदवारी केली. मात्र मुख्य संघात एकही सामना खेळण्याची संधी न देता क्लबने त्यांना मुक्त केले. १९८५ मध्ये चौथ्या विभागातील क्रू अलेक्झांड्रा या छोट्या क्लबने कोणतेही शुल्क न मोजता त्यांना घेतले. तेथील प्रशिक्षक डारियो ग्रॅडी हे मोठ्या क्लबांनी नाकारलेल्या तरुणांना घडविण्यासाठी प्रसिद्ध होते. त्यांच्या हाताखाली सुमारे तीन वर्षांत प्लॅट यांच्या खेळाला आकार आला.

अ‍ॅस्टन व्हिला

फेब्रुवारी १९८८ मध्ये ग्रॅहॅम टेलर यांच्या अ‍ॅस्टन व्हिलाने दोन लाख पौंड मोजून प्लॅट यांना आपल्याकडे घेतले. त्या वेळी दुसऱ्या विभागात असलेला हा संघ त्याच हंगामाअखेर पहिल्या विभागात पोहोचला. १९८९-९० मध्ये व्हिलाने लिव्हरपूलखालोखाल दुसरे स्थान पटकावले आणि प्लॅट यांची व्यावसायिक खेळाडूंच्या संघटनेने वर्षातील सर्वोत्तम खेळाडू म्हणून निवड केली. हा पुरस्कार सहखेळाडूंच्या मतांवर दिला जातो. व्हिलाकडून लीगच्या १२१ सामन्यांत त्यांनी ५० गोल केले.

इटलीतील वर्षे

१९९१ मध्ये इटलीच्या बारी क्लबने ५५ लाख पौंड देऊन प्लॅट यांना करारबद्ध केले. पहिल्याच हंगामात त्यांनी लीगच्या २९ सामन्यांत ११ गोल केले; तरीही बारीची खालच्या विभागात घसरण झाली. १९९२ मध्ये ते ६५ लाख पौंडांना युव्हेंटसकडे गेले. त्या काळी इटलीत एका सामन्यात तीनच परदेशी खेळाडू उतरविता येत. युव्हेंटसकडे कोलर, म्योलर आणि ज्युलिओ सेझार हे परदेशी खेळाडू असल्याने प्लॅट यांना लीगचे अवघे १६ सामने मिळाले. त्या हंगामात युव्हेंटसने युएफा चषक जिंकला.

१९९३ मध्ये ते जेनोआ शहरातील साम्पदोरिया संघात दाखल झाले. स्वेन-गोरान एरिक्सन यांच्या मार्गदर्शनाखालील या संघात रुड खुलित व रोबेर्तो मान्चिनी हे त्यांचे सहकारी होते. १९९४ मध्ये साम्पदोरियाने इटालियन चषक जिंकला. मान्चिनी यांच्याशी येथे जुळलेला स्नेह पुढे प्रशिक्षक म्हणूनही टिकला.

आर्सेनल

१९९५ मध्ये आर्सेनलने ४७.५ लाख पौंड देऊन त्यांना इंग्लंडमध्ये परत आणले. त्यांच्या आतापर्यंतच्या पाच हस्तांतरणांची एकत्रित रक्कम २ कोटी २० लाख पौंडांच्या पुढे गेली होती. आर्सेन वेंगर यांच्या काळात पेटी व व्हिएरा यांच्यामुळे प्लॅट यांना अनेकदा बदली खेळाडू म्हणून समाधान मानावे लागले. असे असूनही ९ नोव्हेंबर १९९७ रोजी हायबरी येथे मँचेस्टर युनायटेडविरुद्ध कॉर्नरवरून डोक्याने मारलेला त्यांचा गोल निर्णायक ठरला आणि आर्सेनलने तो सामना ३-२ असा जिंकला. हंगामाअखेर आर्सेनलने युनायटेडला केवळ एका गुणाने मागे टाकून प्रीमियर लीग जिंकली. एफए चषकही त्यांनीच मिळविला. ज्या क्लबने प्लॅट यांना तरुणपणी नाकारले, त्याच्याच विरुद्धचा हा गोल विजेतेपदाच्या हिशेबात मोलाचा ठरला.

आंतरराष्ट्रीय कारकीर्द

नोव्हेंबर १९८९ मध्ये वेम्बली येथे इटलीविरुद्ध प्लॅट यांनी पदार्पण केले. १९९० च्या विश्वचषकासाठी ते इटलीत गेले, ते राखीव खेळाडू म्हणून. २६ जून रोजी बोलोन्या येथे बेल्जियमविरुद्धचा बाद फेरीचा सामना गोलशून्य बरोबरीत होता. बदली खेळाडू म्हणून उतरलेल्या प्लॅट यांनी ११९ व्या मिनिटाला पॉल गॅस्कॉइन यांच्या फ्री किकवर खांद्यावरून येणारा चेंडू वळून हवेतच टोलवला आणि इंग्लंडला उपांत्यपूर्व फेरीत नेले. पुढील सामन्यात कॅमेरूनविरुद्ध पहिला गोल त्यांचाच होता. उपांत्य सामन्यात पश्चिम जर्मनीविरुद्धच्या पेनल्टींमध्ये त्यांनी आपली पेनल्टी यशस्वी केली. परंतु इंग्लंड पराभूत झाले. तिसऱ्या स्थानासाठी इटलीविरुद्ध झालेल्या लढतीतही त्यांनी गोल केला. तो सामना बारी येथे झाला होता आणि वर्षभराने ते त्याच शहराच्या क्लबकडून खेळू लागले.

१९९२ च्या युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेत इंग्लंडचा एकमेव गोल त्यांनी स्वीडनविरुद्ध केला. फेब्रुवारी १९९३ मध्ये सान मारिनोविरुद्ध त्यांनी चार गोल केले. पाचव्या गोलाची संधी देणारी पेनल्टी मात्र हुकली.

१३ ऑक्टोबर १९९३ रोजी रॉटरडॅम येथे नेदरलँड्सविरुद्धचा विश्वचषक पात्रता सामना वादग्रस्त ठरला. गोलच्या दिशेने एकटेच धावणाऱ्या प्लॅट यांना रोनाल्ड कुमन यांनी ओढून पाडले. पंचांनी त्यांना केवळ पिवळे कार्ड दाखविले आणि थोड्याच वेळात कुमन यांनीच फ्री किकवर गोल केला. इंग्लंडने सामना ०-२ असा गमावला आणि १९९४ च्या विश्वचषकाला ते मुकले. १९९६ च्या युरोपीय स्पर्धेत स्पेन व जर्मनी या दोन्ही संघांविरुद्ध प्लॅट यांच्या पेनल्टी यशस्वी ठरल्या. त्या स्पर्धेनंतर त्यांची आंतरराष्ट्रीय कारकीर्द संपली.

प्रशिक्षक

१९९८-९९ च्या हंगामात साम्पदोरियाची सूत्रे त्यांनी अल्पकाळ सांभाळली. १९९९ ते २००१ या काळात ते नॉटिंगहॅम फॉरेस्टचे खेळाडू-व्यवस्थापक होते. पण संघ प्रीमियर लीगमध्ये परतू शकला नाही. २००१ ते २००४ या काळात ते इंग्लंडच्या २१ वर्षांखालील संघाचे व्यवस्थापक होते. २०१० मध्ये मान्चिनी यांनी त्यांना मँचेस्टर सिटीच्या प्रशिक्षकवर्गात घेतले. सिटीने २०११ मध्ये एफए चषक व २०१२ मध्ये, तब्बल ४४ वर्षांनी, लीगचे विजेतेपद मिळविले.

एफसी पुणे सिटी

२०१५ मध्ये प्लॅट पुण्यात आले. अभिनेता हृतिक रोशन यांची सहमालकी असलेल्या या संघाचे मैदान बालेवाडी येथील श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलात होते. त्या वर्षीच्या लिलावात पुण्याने भारतीय मिडफिल्डर युजिनसन लिंगडोह यांना १ कोटी ५ लाख रुपयांना घेतले. रुमानियाचे आद्रियान मुतू, तुर्कस्तानचे तुनजाय शानली, आयव्हरी कोस्टचे दिदिए झोकोरा असे नामवंत खेळाडू संघात होते. तेव्हाच्या नियमानुसार प्रत्येक संघाला मैदानावर किमान पाच भारतीय खेळाडू ठेवावे लागत. त्यामुळे परदेशी तारे व स्थानिक खेळाडू यांची सांगड घालणे हे प्रशिक्षकाचे मुख्य काम होते.

५ ऑक्टोबर २०१५ रोजी बालेवाडीत मुंबई सिटीविरुद्ध ३-१ असा विजय मिळवून पुण्याने हंगामाचा आरंभ केला. पुढे मात्र कामगिरी ढासळली. १४ सामन्यांत ४ विजय, ३ बरोबरी व ७ पराभव अशा १५ गुणांसह संघ आठपैकी सातव्या स्थानी राहिला. पुढील हंगामासाठी आंतोनिओ हबास यांची नियुक्ती झाली. २०१९ मध्ये एफसी पुणे सिटी हा क्लबच बंद झाला.

खेळाची वैशिष्ट्ये

प्लॅट चेंडूवरील कसरतींसाठी प्रसिद्ध नव्हते. प्रतिस्पर्धी बचावपटूंचे लक्ष आघाडीपटूंवर खिळलेले असताना मागून धावत येऊन नेमक्या क्षणी गोलक्षेत्रात पोहोचणे, डोक्याने अचूक फटका मारणे आणि अखेरपर्यंत टिकणारा दमसास ही त्यांची बलस्थाने होती. मिडफिल्डर म्हणून त्यांचे गोलप्रमाण असाधारण आहे: ब्रायन रॉब्सन यांनी इंग्लंडसाठी ९० सामन्यांत २६, तर फ्रँक लँपर्ड यांनी १०६ सामन्यांत २९ गोल केले, प्लॅट यांना २७ गोलांसाठी ६२ सामने पुरले.

प्रमुख विजेतेपदे व सन्मान

• युएफा चषक (युव्हेंटस): १९९३
• इटालियन चषक (साम्पदोरिया): १९९४
• प्रीमियर लीग व एफए चषक (आर्सेनल): १९९८
• व्यावसायिक खेळाडू संघटनेचा सर्वोत्तम खेळाडू: १९९०