सावेदादांचा कॅमेरा आणि आजचा वार्ताहर

ता. ७ जुलै १८९६ रोजीं मुंबईच्या वॉटसन हॉटेलांत ल्यूमिएर बंधूंचीं हलतीं चित्रें दाखविण्यांत आलीं. त्या नवलानें हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा या छायाचित्रकारास भारून टाकिलें. त्यांनीं विलायतेहून कॅमेरा मागविला आणि १९०१ सालीं केंब्रिजहून परतलेल्या रँग्लर परांजप्यांचें मुंबईंतील स्वागत फितीवर टिपलें. भारतांतील वृत्तचित्रांचा आरंभ येथूनच मानतात. परंतु तें चित्र मुकें होतें, आणि फीत धुतल्यावांचून तें उमटलें कीं नाहीं हें कळत नसे.

१९९५ सालीं डिजिटल फितीचे लहान कॅमेरे आले. भिंगांतून आलेला प्रकाश अंकांत रूपांतरित होतो, चित्र व ध्वनि एकत्र नोंदले जातात व तत्काळ पाहतां येतात. असें यंत्र आज अहिल्यानगर जिल्ह्यांतील खेड्यांतहि पोंचलें आहे.

मात्र सर्व कांहीं यंत्रावर सोंपवून चालत नाहीं. चारा छावणीच्या मांडवांत शेतकरी उभा असून मागें रखरखीत ऊन असेल, तर आपोआप चालणारें यंत्र उन्हास जुळवून घेतें व माणसाचा चेहरा काळवंडतो. तेथें प्रकाशाचें प्रमाण हातानेंच वाढवावें लागतें. वारा सुटला कीं यंत्रावरील मायक्रोफोन घोंघावतो. बोलणाऱ्याच्या छातीशीं वेगळा मायक्रोफोन लावावा. भिंग सरकवून दृश्य जवळ आणल्यास बारकावे टिकतात. अंकांनीं नुसतें फुगविल्यास ते विरतात.

ज्याचें दुःख सांगावयाचें, त्याचा चेहरा दिसला पाहिजे व शब्द ऐकूं आला पाहिजे. सोय यंत्राची, जबाबदारी माणसाची.