यादी निघाली, पोचली का?

ऑनलाइन व्यापारात मालाआधी मालाची यादी प्रवास करते. नाव, वजन, किंमत, शिल्लक साठा, फोटोचा पत्ता अशा रकान्यांची ही यादी दुकानाच्या सॉफ्टवेअरमधून निघते आणि ॲमेझॉनच्या, गूगलच्या किंवा एखाद्या घाऊक खरेदीदाराच्या यंत्रणेत जाऊन पडते. ती निघाली का, वाटेत अडली का, समोरच्याने घेतली का, हे सांगणाऱ्या खुणेला सगळे ‘स्टेटस’ म्हणतात. या खुणेचा इतिहास साधारणपणे वेगाचा इतिहास म्हणून सांगितला जातो: आधी रात्रभर लागायचे, आता काही सेकंदांत होते. मला तो साक्षीचा इतिहास वाटतो. काम झाले हे कोणाच्या तोंडून ऐकायचे, पाठवणाऱ्याच्या की घेणाऱ्याच्या, हा त्यातला खरा प्रश्न आहे. वेबवरच्या दुकानांनी पहिली काही वर्षे पाठवणाऱ्याच्याच शब्दावर भागवले आणि जुन्या घाऊक व्यापाराला ठाऊक असलेली गोष्ट त्यांना नव्याने शिकावी लागली.

ती जुनी परंपरा इंटरनेटच्या बरीच आधीची आहे. 1948-49 मध्ये सोव्हिएत रशियाने पश्चिम बर्लिनची नाकेबंदी केली. तेव्हा विमानांनी शहराला रसद पुरवताना तऱ्हेतऱ्हेच्या मालपत्रकांनी गोंधळ उडवला. अमेरिकी सैन्यातल्या एडवर्ड गिल्बर्ट यांनी टेलेक्सवरून किंवा टेलिफोनवरूनही कळवता येईल असा एकच नमुना बसवण्यात पुढाकार घेतला. पुढे 1968 मध्ये अमेरिकी वाहतूक क्षेत्राने अशा नमुन्यांसाठी समन्वय समिती नेमली आणि 1979 मध्ये ‘एक्स-12’ ही सर्व व्यवसायांसाठीची मानक समिती आली. तिच्या संदेशांना क्रमांक आहेत: 832 म्हणजे किंमत-यादी, 850 म्हणजे ऑर्डर, 997 म्हणजे पोच. या पोचेत एका अक्षरात निकाल येतो. ए म्हणजे स्वीकारले, ई म्हणजे चुका दिसल्या तरी स्वीकारले, पी म्हणजे काही भाग स्वीकारला, आर म्हणजे नाकारले. पण ही तपासणी फक्त संदेशाच्या मांडणीची असते. रकाना जागेवर आहे का, आकड्याच्या जागी आकडाच आहे का, एवढेच ती पाहते. हजाराच्या वस्तूला चुकून शंभर लागले असतील, तर 997 ला त्याचा पत्ता नसतो. ऑर्डर मान्य आहे की नाही, हे सांगायला 855 हा वेगळा संदेश ठेवलेला आहे. कागद मिळाला आणि सौदा पटला, या दोन गोष्टींची गल्लत व्यापाऱ्यांनी होऊ दिली नव्हती. उत्पादनांच्या माहितीसाठी 2004 मध्ये सुरू झालेल्या ‘जीडीएसएन’ या जागतिक जाळ्यातही घेणारा आपले उत्तर चार तऱ्हांनी देतो: मिळाले, तपासतो आहोत, जुळवून घेतले, नाकारले.

वेबवरच्या छोट्या दुकानांकडे ही शिस्त आपोआप आली नाही. डिसेंबर 2002 मध्ये गूगलने ‘फ्रूगल’ ही वस्तू शोधण्याची सेवा काढली आणि दुकानदार टॅबने रकाने पाडलेल्या साध्या मजकुराच्या फाइली तिकडे चढवू लागले. 2008 मध्ये ‘मॅजेंटो’ हे ऑनलाइन दुकान चालवण्याचे सॉफ्टवेअर बाजारात आले, तेव्हा असे एक्स्पोर्ट हा दुकानाच्या रोजच्या कामाचा भाग झाला होता. अडचण साधीच होती. अशी सॉफ्टवेअरे ज्या पीएचपी भाषेत लिहिलेली असत, तिच्यात वेबवरून आलेल्या कामाला मुळात 30 सेकंदांची मुदत असते. हजारो वस्तूंची यादी तेवढ्यात तयार होत नाही, मग काम मध्येच तुटते आणि अर्धवट फाइल मागे राहते. म्हणून ही कामे क्रॉनवर, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांच्या यादीत गेली. मॅजेंटोच्या डेटाबेसमध्ये अशा कामांचा एक तक्ता असतो आणि प्रत्येक कामासमोर शेरा पडतो: बाकी, चालू, यशस्वी, चुकले, त्रुटी. यातला ‘चुकले’ हा शेरा प्रामाणिक आहे. कामाची वेळ टळून गेली, ते सुरूच झाले नाही, असे यंत्र कबूल करते. पुढे मॅजेंटोच्या 2.3 मालिकेत एक्स्पोर्टचे बटण दाबले की काम रांगेत जाऊ लागले आणि फाइल लवकरच मिळेल असा निरोप येऊ लागला. सर्व्हरवर ती रांग उपसणारी प्रक्रियाच बंद असेल, तर फाइलही येत नाही आणि त्रुटीही दिसत नाही. बारकाईने पाहिले तर हे सगळे शेरे पाठवणाऱ्याच्या घरातलेच आहेत. समोरच्याने यादीचे काय केले, याबद्दल त्यांतला एकही काही बोलत नाही.

ती उणीव मोठ्या बाजारपेठांनी उघड केली. ॲमेझॉनने 2009 मध्ये विक्रेत्यांसाठी आणलेल्या वेब सेवेत यादी पाठवली की एक क्रमांक मिळे आणि त्या क्रमांकावर विचारपूस करता येई. उत्तर येई: दाखल, चालू आणि शेवटी ‘डन’. नवखा माणूस इथेच फसे. ‘डन’चा अर्थ एवढाच की ॲमेझॉनने फाइल वाचून संपवली. खरा निकाल वेगळ्या अहवालात असे: किती नोंदी तपासल्या, किती स्वीकारल्या, किती चुकांमुळे गळाल्या, कोणत्या वस्तूची कोणती चूक. ‘डन’ पाहून खिडकी बंद करणाऱ्याच्या शंभर वस्तूंपैकी चाळीस बाजारात नाहीत, असेही होऊ शके. इथे स्टेटस फाइलपुरते न राहता वस्तूपर्यंत उतरले आणि साक्ष देणारा बदलला. जुन्या 997 आणि 855 मधला फरक नव्या कपड्यांत परत आला, तो असा.

यावर पहिला आक्षेप असा की हा सारा त्रास फाइलींच्या जमान्याचा. आता एपीआयने, म्हणजे दोन सॉफ्टवेअरांमधल्या थेट जोडणीने, वस्तूची नोंद एकेक करून पाठवता येते, मग पाळत कशाला? पण उत्तर तत्काळ येते म्हणून ते अंतिम असते असे नाही. वेबच्या नियमावलीत 1996 पासूनच 202 हा प्रतिसाद आहे. त्याचा अर्थ विनंती घेतली आहे, काम पुरे होईलच अशी हमी नाही. ॲमेझॉनच्या नव्या एपीआयमध्येही ‘ॲक्सेप्टेड’ म्हणजे नोंद प्रक्रियेसाठी घेतली; वस्तू विक्रीला लागली असे त्यातून ठरत नाही. भारतातल्या ओएनडीसी या खुल्या डिजिटल व्यापाराच्या जाळ्यात तर ही विभागणी उघड आहे: विनंती पाठवताच फक्त पोच मिळते, प्रत्यक्ष उत्तर मागाहून स्वतंत्र संदेशाने येते. वेग वाढला तरी दोन मालकांच्या दोन यंत्रणांमधली सीमा तशीच राहते. शिवाय एकदा स्वीकारलेले कायम टिकतेच असेही नाही. दुकाने जिथे आपल्या याद्या चढवतात त्या गूगलच्या मर्चंट सेंटरमध्ये माहिती ताजी केली नाही, तर वस्तूची नोंद 30 दिवसांनी बाद होते. म्हणजे एक्स्पोर्ट गुपचूप बंद पडले, तर त्याचा फटका महिनाभराने बसू शकतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. प्रत्येक वस्तूचा शेरा दाखवायचा म्हटले तर इशाऱ्यांचा ढीग साचतो आणि ढिगाकडे कोणी पाहत नाही. क्रॉन रोज ईमेल पाठवत राहतो आणि ती न वाचता पुसली जातात, हे सर्व्हर सांभाळणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. हे मान्य करूनही उपाय कमी सांगण्यात नाही, नेमक्या माणसाला सांगण्यात आहे. रांग थांबली हे सर्व्हर पाहणाऱ्याला कळावे, बारकोडचा आकडा चुकला हे वस्तूंची नोंद करणाऱ्याला, आणि किंमत नाकारली गेली हे मालकाला. तिन्ही गोष्टी एकाच लाल ठिपक्यात कोंबल्या, की तो ठिपका कोणाचाच राहत नाही.

हा प्रश्न दुकानाच्या आतल्या सोयीपुरता राहिलेला नाही. भारतात 1 जानेवारी 2018 पासून आवेष्टित वस्तूंची कमाल किरकोळ किंमत, निव्वळ वजन यांसारखी माहिती ऑनलाइन विक्रीतही दाखवणे बंधनकारक आहे. दुकानदाराने आपल्याकडे चुकीचे वजन दुरुस्त केले, एक्स्पोर्ट ‘यशस्वी’ झाले, पण बाजारपेठेने ती नोंद नाकारली, तर ग्राहकासमोर जुनेच वजन राहते. अशा वेळी मी पाठवले होते, या उत्तराने कोणाचेही समाधान होऊ नये. म्हणून एक्स्पोर्टच्या प्रत्येक पडद्याने दोन रकाने वेगळे ठेवावेत, आमच्याकडून केव्हा गेले आणि त्यांनी काय घेतले, आणि दुसरा रकाना भरेपर्यंत ‘यशस्वी’ हा शेरा मारू नये.