मागच्या खोलीपर्यंत

आमचं घर कोकणातल्या जुन्या मोहल्ल्यातलं, जांभ्या दगडाचं. भिंती हातभर जाड. उन्हाळ्यात गारवा देतात म्हणून आम्ही त्यांना दुवा देत आलो. २०२० साली ऑनलाइन वर्ग सुरू झाले आणि त्याच भिंती आडव्या आल्या. राउटर ओटीवर, मी मागच्या खोलीत. उर्दूचा तास ऐन रंगात असताना "टीचर, आवाज येत नाही" असे निरोप यायचे. दुकानदार म्हणाला, एक्सटेंडर लावा. लावला. मोबाइलवर वायफायच्या सगळ्या दांड्या दिसू लागल्या, वर्ग मात्र तसाच अडकत राहिला. दांड्या पूर्ण आणि आवाज गायब, हे कसं? मी वाचत गेले आणि थेट १९७० च्या दशकातल्या कॅलिफोर्नियात पोचले.

अमेरिकेच्या संरक्षण खात्याची 'डार्पा' ही संशोधन संस्था तेव्हा 'पॅकेट रेडिओ'वर काम करत होती. लष्कराची गाडी फिरती, तिला तार कुठून ओढणार? म्हणून संदेशाचे छोटे तुकडे करायचे आणि एका रेडिओने ते पुढच्याकडे सोपवायचे. सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या डोंगरांवर असे पुढे सोपवणारे रेडिओ बसवले होते. २७ ऑगस्ट १९७६ रोजी एका बिअर गार्डनबाहेर उभ्या केलेल्या व्हॅनमधून रेडिओवाटे अर्पानेटपर्यंत संदेश गेला. आज 'मेश' म्हणून जे विकलं जातं त्याचं मूळ या सोपवासोपवीत आहे.

पण रेडिओलहरी लायसन्सशिवाय वापरता येत नव्हत्या. अमेरिकेने १९८५ मध्ये काही पट्टे खुले केले, १९९७ मध्ये ८०२.११ हे मानक आलं आणि १९९९ मध्ये 'वायफाय' हे नाव. त्यानंतर केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स इथे एमआयटीच्या संशोधकांनी लोकांच्या छपरांवर अँटेना लावून 'रूफनेट' उभारलं. तिथलं एक निरीक्षण माझ्या फार कामाचं ठरलं. सर्वांत कमी टप्प्यांचा मार्ग चांगला, असं आपण धरून चालतो. पण लांबचा टप्पा कमजोर असतो, तुकडे हरवतात, पुन्हा पुन्हा पाठवावे लागतात. म्हणून त्यांनी टप्पे मोजणं सोडलं आणि निरोप पोचेपर्यंत तो किती वेळा पाठवावा लागेल, हे मोजायला सुरुवात केली.

दुसरी बाजूही तितकीच खरी. २००० साली पीयूष गुप्ता आणि पी. आर. कुमार यांनी गणिताने दाखवलं की असे रेडिओ वाढत गेले की प्रत्येकाच्या वाट्याला येणारा वेग घटत जातो. एका चॅनेलवर एकच रेडिओ असेल तर तो एका वेळी ऐकू तरी शकतो किंवा बोलू तरी शकतो. ऐकलेलं पुन्हा बोलायचं, म्हणजे निम्मा वेळ त्यातच गेला. माझ्या एक्सटेंडरचं कोडं इथे सुटलं. दांड्या त्याच्या आणि माझ्या मधल्या होत्या. त्याच्यापर्यंत राउटरकडून काय पोचतंय, हे त्या सांगतच नव्हत्या.

भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा जानेवारी २००५ मध्ये लायसन्समुक्त झाला आणि पुढच्याच महिन्यात धर्मशाळेत निर्वासित तिबेटी समाजाच्या संस्थांना जोडणारं मेश सुरू झालं. घरगुती राउटरमधली प्रणाली बदलून ते डोंगरउतारांवर बसवले होते. २००७ मध्ये आपल्या रायगड जिल्ह्यात, खैरात धनगरवाड्याच्या एकशिक्षकी शाळेत 'मुलागणिक एक लॅपटॉप' या योजनेचा भारतातला पहिला प्रयोग झाला. ते हिरवे-पांढरे लॅपटॉप राउटरशिवाय आपसांत मेश बांधू शकत. कल्पना सुंदर, पण एका वर्गात पुष्कळ लॅपटॉप एकदम चालू केले की हवेत गर्दी व्हायची. वर्गात चाळीस मुलं एकदम बोलली की काय होतं, हे कुठल्याही शिक्षकाला विचारा.

२०१६ मध्ये 'ईरो', 'ऑर्बी', 'गूगल वायफाय' आले आणि मेश एका घराची वस्तू झाली. लष्कराची, मग वस्तीची, आता तीन बेडरूमची. हा प्रवास मला थोडा खटकतो. धर्मशाळेत एकमेकांसाठी निरोप वाहायचे, इथे प्रत्येक घर आपल्यापुरतं. कारागिरी मात्र सुधारली. काही संचांत डब्यांच्या आपसातल्या बोलण्यासाठी वेगळा रेडिओ असतो. आणि दोन डब्यांमध्ये केबल असली तर सोपवासोपवीसाठी हवा लागतच नाही.

शेवटी मी दोन डब्यांची जोडी आणली. आधी दुसरा डबा मागच्या खोलीतच ठेवला होता, जिथे सिग्नल मुळात पोचतच नव्हता. तो माजघरात आणल्यावर बराच फरक पडला. तरीही भिंत मधे होतीच. मग शेजारच्या वायरमनभाईने जांभ्याला भोक पाडून केबल ओढली आणि डबा पुन्हा मागच्या खोलीत गेला. अब्बांच्या वेळच्या भिंतीला भोक, म्हणून अम्मी दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनेच त्या भोकाभोवती चुना लिंपला.