रुमी तोफ व रुमी टोपी

निजामशाहीच्या साधनांत येणाऱ्या ‘रुमी’ या विशेषणामुळें चित्रांचा व कागदांचा काळ ठरवितांना घोटाळा होण्याचा संभव आहे. तो दूर करणें हा प्रस्तुत टिपणाचा हेतु होय.

विजापूरची मुलूख-ए-मैदान तोफ अहमदनगरास ओतली गेली. तीवरील लेखांत ओतणाराचें नांव महंमद बिन हसन रुमी असें असून साल हि. ९५६ (इ. स. १५४९) आहे. रूम हें मूळ रोमच्या राज्याचें नांव. पुढें तें उस्मानी तुर्कांच्या मुलखास लागलें. हैदराबाद संस्थानांत गोंड्याच्या तुर्की टोपीसहि ‘रुमी टोपी’ म्हणत. नांव एकच, म्हणून रुमीखानाच्या मस्तकीं ती टोपी चढविण्याचा मोह होतो.

परंतु कालगणना त्यास आड येते. तांबडी टोपी पूर्वीं होती. पण तीवर पागोटें गुंडाळीत. दुसऱ्या महमूद सुलतानानें ती १८२७ त सैन्यास व १८२९ त मुलकी अंमलदारांस लावून दिली, म्हणजे तोफेनंतर सुमारें २८० वर्षांनीं.

फारसी ग्रंथांतील ‘तांबडी टोपी’हि निराळी. अहमदनगरास कांहीं काळ राहिलेला फिरिश्ता सांगतो कीं, इस्माईल आदिलशहानें आपल्या सैन्यास बारा टोंकांची तांबडी टोपी घालावयास लाविलें. ती बारा इमामांची, इराणी शिया पंथाची खूण. उस्मानी तुर्क तर त्या पंथाचे वैरी. बुऱ्हाण निजामशहानेंहि शहा ताहीराच्या उपदेशानें तोच पंथ स्वीकारला होता, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

खूण मूळ अर्थापासून किती दूर जाते, याचें उदाहरण अमेरिकेंत आहे. न्यूयॉर्कास १८७२ त फ्रीमेसन मंडळींनीं विनोद व स्नेहमेळा यांसाठीं ‘श्राइन’ नांवाचा संघ काढिला. त्यांनीं नांव अरबी घेतलें, टोपी तुर्की घेतली, तीवर तरवार व चंद्रकोर काढिली. तुर्कांशीं संबंध कांहींच नव्हता. इकडे अलीगढच्या विद्यार्थ्यांनीं व खिलाफत चळवळीच्या (१९१९-२४) अनुयायांनीं तीच टोपी निष्ठेनें मिरविली. खुद्द तुर्कस्थानांत मात्र मुस्तफा केमाल याच्या राजवटींत १९२५ त कायद्यानें तिला बंदी झाली.

तात्पर्य, टोपीवरून माणसाची जात वा देश ठरवूं नये. पण काळ ठरविण्यास ती उपयोगी पडते. निजामशाही पुरुषाचें म्हणून दाखविलेल्या चित्रांत पागोट्यावांचून गोंड्याची टोपी आढळल्यास तें चित्र १८२७ पूर्वींचें मानूं नये. संग्राहकांनीं मोल देण्यापूर्वीं एवढें पाहावें.