वसईचा सुरुंग आणि तीस सेकंदांचा नियम

वसईच्या किल्ल्यात विद्यार्थ्यांची सहल नेली की आम्ही त्यांना सान सेबास्तियन बुरुजाच्या बाजूला थोडा वेळ थांबवतो. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या सैन्याने या किल्ल्याला वेढा घातला होता. तोफांनी तट पुरेसा फुटेना, म्हणून बुरुजाखाली भुयारे खणून त्यांत दारू भरण्यात आली. मे महिन्यात सुरुंगांना बत्ती दिली. स्फोट झाले, भगदाड पडले आणि मराठे सैनिक आत घुसले. परंतु एक सुरुंग ठरल्या वेळी उडालाच नव्हता. सैनिक भगदाडात शिरल्यावर तो उडाला आणि शेकडो माणसे आपल्याच दारूने मारली गेली, असे वेढ्याच्या वर्णनांत नमूद आहे. पुढे काही दिवसांतच पोर्तुगीजांनी शरणागती पत्करली. पण त्या माणसांना विजय पाहता आला नाही.

या घटनेचा आजच्या नेमबाजीच्या खेळाशी काय संबंध, असे वाचकांना वाटेल. संबंध अगदी जवळचा आहे. न उडालेली दारू ही 'न उडणारी' दारू असते असे नाही. कधी कधी ती फक्त उशीर करते. काळ्या दारूत साधारणपणे ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा आणि १० भाग गंधक असते. सोरा अशुद्ध असेल तर त्यातील इतर क्षार हवेतील ओलावा शोषून घेतात, दारू सर्दावते आणि धुमसत राहते. आजच्या काडतुसातही हे घडू शकते. घोडा दाबला, 'टिक्' असा आवाज झाला, पण बार झाला नाही, तर नेमबाजाने काय करावे? नियम सांगतो की बंदुकीची नळी लक्ष्याच्याच दिशेने ठेवून निदान तीस सेकंद थांबावे आणि मगच काडतूस बाहेर काढावे. नवशिक्याला हा वेळेचा अपव्यय वाटतो. वसईचा सुरुंग आठवला की तसे वाटत नाही.

नेमबाजीच्या बहुतेक नियमांचे असेच आहे. नियम म्हणून ते रुक्ष दिसतात; पण प्रत्येकामागे पदार्थविज्ञान किंवा रसायनशास्त्राचा एक धडा असतो आणि तो धडा कोणीतरी पुष्कळ किंमत देऊन शिकलेले असते.

आपल्याकडे अनेक जुन्या छावणीच्या गावांत 'चांदमारी' नावाची जागा असते. तिथे लष्कराचा नेमबाजीचा सराव चाले. लक्ष्यामागे टेकडी किंवा मातीचा उंच बांध असे आणि आजूबाजूला मोकळे रान. गोळी चुकली तरी ती मातीत रुतावी, हाच तिथला मुख्य बंदोबस्त. सुरक्षितता जागेच्या हाती होती. नेमबाजी चार भिंतींच्या आत आली, तेव्हा टेकडी गेली आणि अंतरही गेले. आता जागा वाढवता येत नाही, म्हणून गोळीलाच मर्यादा घालावी लागते. बंद जागेत अमुकच काडतूस चालेल, असा आग्रह का धरतात याचे उत्तर इथे आहे.

ही कल्पना प्रथम अमलात आली पॅरिसमध्ये. लुई-निकोला फ्लोबेर यांनी १८४५ साली दिवाणखान्यातील करमणुकीसाठी एक छोटे काडतूस तयार केले. ठासणीच्या बंदुकीवर जी स्फोटक टोपी बसवत, तीच त्यांनी मोठी केली आणि तिच्या तोंडाशी शिशाची बारीक गोळी बसवली. त्यात बंदुकीची दारू नव्हतीच. टोपीचा स्फोट एवढीच शक्ती. पुढे त्यात थोडी दारू घालून १८५७ मध्ये अमेरिकेत .२२ शॉर्ट आणि १८८७ मध्ये .२२ लाँग रायफल ही काडतुसे निघाली. राष्ट्रीय छात्रसेनेत प्रशिक्षण घेतलेल्या शिक्षकांना .२२ची रायफल परिचित असेल. तिचे मूळ या दिवाणखान्यात आहे.

वर्गात करता येईल असे एक गणित पाहू. गतिज ऊर्जा म्हणजे वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. १० मीटर एअर रायफलचा छरा सुमारे ०.५३ ग्रॅमचा असतो आणि त्याचा वेग सेकंदाला १७० मीटरच्या आसपास असतो. ऊर्जा येते सुमारे ८ ज्यूल. .२२ची गोळी २.६ ग्रॅमची, वेग सुमारे ३२५ मीटर; ऊर्जा १३७ ज्यूल. लष्करी ७.६२ मिलिमीटर रायफलची गोळी ९.५ ग्रॅमची, वेग सुमारे ८४० मीटर. ऊर्जा ३३५० ज्यूलच्या घरात. म्हणजे छऱ्याच्या चारशेपटींहून अधिक. एकीसाठी बांधलेली भिंत दुसरीला पुरणार नाही, हे सांगायला याहून निराळा पुरावा नको.

ऊर्जेइतकेच महत्त्व गोळीच्या पदार्थाला आहे. शिसे मऊ असते. लक्ष्यामागच्या तिरप्या पोलादी पत्र्यावर ते आपटले की चपटे होते, फुटते आणि खालच्या सापळ्यात पडते. गोळीत पोलादी गाभा असेल तर ती पत्र्यावर खड्डा पाडते. एकदा खड्डा पडला की पुढच्या नेमबाजाच्या साध्या शिशाच्या गोळीचे तुकडेही त्या खड्ड्यातून वळून मागे, माणसांकडे येऊ शकतात. चूक एकाची, इजा दुसऱ्याला. म्हणून आंतरराष्ट्रीय स्पर्धांच्या रायफल व पिस्तुल प्रकारांत शिशाच्या किंवा तशाच मऊ पदार्थाच्या गोळ्यांनाच परवानगी असते आणि अनेक ठिकाणी काडतुसाला लोहचुंबक लावून पाहतात. शिशाला चुंबक चिकटत नाही; चिकटला तर काडतूस परत.

मात्र मऊ म्हणून निवडलेले हेच शिसे विषारी आहे. काडतूस पेटवणाऱ्या टोपीत पूर्वी पाऱ्याचा फल्मिनेट असे. पारा पितळेला ठिसूळ करी. सोबत वापरलेल्या पोटॅशियम क्लोरेटपासून क्लोराइडचा क्षार मागे राही. तो ओलावा ओढून घेई आणि नळी गंजे. यावर उपाय म्हणून १९२० च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीत लेड स्टिफ्नेट वापरलेल्या टोप्या आल्या. बंदुकीचा गंज थांबला, पण शिशाची सूक्ष्म धूळ प्रत्येक बाराबरोबर नेमबाजाच्या नाकासमोर उडू लागली. उघड्या चांदमारीत वारा ती घेऊन जाई. बंद खोलीत ती तिथेच राहते.

शिसे लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला बाधा आणते आणि त्याची निर्धोक अशी कोणतीही पातळी जागतिक आरोग्य संघटना मानत नाही. अमेरिकेत कामाच्या जागेच्या हवेसाठी १९७८ मध्ये आठ तासांच्या सरासरीने घनमीटरला ५० मायक्रोग्रॅम ही मर्यादा ठरली. मुलांच्या रक्तातील शिशाची चिंतेची पातळी तिथे १९९१ मध्ये डेसिलिटरला १० मायक्रोग्रॅम धरली जाई; २०१२ मध्ये ती ५ झाली आणि २०२१ मध्ये ३.५. म्हणून चांगल्या बंद रेंजमध्ये हवा नेमबाजाच्या पाठीकडून लक्ष्याकडे, सेकंदाला सुमारे ३८ सेंटिमीटर वेगाने, सलग वाहती ठेवतात. नुसता पंखा लावून भागत नाही. तो धूळ घुसळून पुन्हा तोंडाशी आणतो.

महाराष्ट्रात हा खेळ आता शाळांपर्यंत पोहोचला आहे. अंजली भागवत २००० मध्ये सिडनीला आणि सुमा शिरूर २००४ मध्ये अथेन्सला एअर रायफलच्या ऑलिंपिक अंतिम फेरीत पोहोचल्या. २०२४ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिसला ५० मीटर रायफलचे कांस्यपदक मिळवले. त्यांचे पाहून मुले एअर रायफल मागतात आणि एखादी रिकामी खोली किंवा गच्ची 'रेंज' होते. एअर रायफलमध्ये टोपी नसते, त्यामुळे धुराचा प्रश्न नाही. पण छरे शिशाचेच असतात आणि ८ ज्यूल डोळ्याला पुरेसे आहेत.

शिक्षकांनी निदान एवढे पाहावे. छरे तोंडात धरू देऊ नयेत. सरावानंतर साबणाने हात धुतल्याशिवाय डबा उघडू देऊ नये. खोली कोरड्या केरसुणीने झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावी. नेमबाजी चालू नसताना बंदुकीत रंगीत सुरक्षा-दोरी दिसली पाहिजे. 'थांबा' म्हटले की सर्वांनी थांबावे, मग ते कोणीही म्हटलेले असो. आणि नियम पाठ करून घेण्याऐवजी त्यामागचे कारण मुलांना शोधू द्यावे.

पुढच्या सहलीला आम्ही बुरुजापाशी हाच प्रश्न विचारणार आहोत: स्फोट झाला नाही, तर किती वेळ थांबायचे आणि का?