बोल्ट-ॲक्शन शिकारी रायफल

बोल्ट-ॲक्शन शिकारी रायफल म्हणजे प्रत्येक बारानंतर बोल्ट हाताने मागेपुढे सरकवून नवे काडतूस भरावे लागणारी रायफल होय. जर्मनीतील माउझरच्या १८९८ च्या रचनेचा पुढील बहुतेक रायफलींवर प्रभाव आहे.

अमेरिकेत बेताच्या खर्चात चालणारी रायफल म्हणून १९५८ साली आलेली सॅव्हेज ११० प्रसिद्ध आहे. तिची नळी आट्यांच्या नटाने घट्ट बसवतात; त्यामुळे नळी व बोल्ट यांमधील अंतर जुळवणे सोपे होऊन उत्पादनखर्च घटतो. अशा रायफलींचे दस्ते पुष्कळदा प्लास्टिकचे व दिसण्यात ओबडधोबड असतात, पण नेमबाजीत त्या सहसा उण्या पडत नाहीत.

काटकसर अंगलट येते ती दुर्बिणीत. हलकी दुर्बीण किंवा ढिली कडी बाराच्या धक्क्याने सरकते, नेम ढळतो आणि जनावर जखमी होऊन रानात तडफडत राहते. हरणाच्या शिकारीस ३ ते ९ पट वर्धनाची, ४० मिलिमीटर भिंगाची दुर्बीण पुरेशी असते. याहून अधिक वर्धनाने दृश्यक्षेत्र आकसते, शिवाय हाताचा कंपही मोठा दिसतो. काडतूस सहज मिळणारे असावे. उदाहरणार्थ, १९५२ साली आलेले.३०८ विंचेस्टर.

भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षित प्राण्यांची विनापरवानगी शिकार हा गुन्हा आहे.